लघवीच्या घाईवरचा पॅच: उन्हाळ्याआधीची तयारी

लघवीची घाई कमी करणारा ऑक्सिब्युटिनिन या औषधाचा पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) आणण्याआधी लघवीची आणि साखरेची तपासणी झालेली असू द्या. जंतुसंसर्गामुळे घाई होत असेल तर इलाज वेगळा आहे. प्रोस्टेट वाढलेली असेल तर लघवी केल्यावर पिशवीत किती उरते, ते सोनोग्राफीत बघून घ्या. लघवी तुंबत असेल किंवा काचबिंदू असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. चालू गोळ्यांची पाकिटंही सोबत न्या, कारण सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या याच औषधासारखं तोंड कोरडं करतात.

ऑक्सिब्युटिनिनचा पॅच दिवसाला ३.९ मिलिग्रॅम औषध कातडीतून सोडतो आणि आठवड्यातून दोनदा बदलतात. सोमवार-गुरुवार असे वार कॅलेंडरवर लिहून ठेवा. जागा चार ठरवा: पोटाची उजवी-डावी बाजू, दोन्ही कुल्ले. आळीपाळीनं लावला की तीच जागा सात दिवसांच्या आत परत येत नाही, खाजही कमी सुटते. परकराची नाडी, करदोडा, धोतराची गाठ जिथे घासते ती जागा सोडा. पॅचचा काठ तिथूनच उचलला जातो.

अंघोळीनंतर लगेच लावायची घाई करू नका. अंग पुसून, पंख्याखाली घाम पूर्ण सुकू द्या. त्या जागी तेल, पावडर नको. अंगाला खोबरेल लावायची सवय असेल तर तेवढा भाग वगळा. पाकीट लावतानाच फोडा, कात्री पॅचला लागू देऊ नका. मागचा अर्धा कागद सोलून चिकटवा, मग उरलेला काढा आणि तळहातानं घट्ट दाबा. सुटलाच तर पुन्हा दाबा. तरी धरला नाही तर दुसऱ्या जागी नवा लावा, पण बदलायचा वार तोच ठेवा. साठा टिनाखालच्या फळीवर नको, माठाजवळच्या ओलीतही नको.

आता सर्वांत महत्त्वाचं. या औषधानं घाम कमी येतो, आणि आपल्याकडे नवतपात (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) घामच जीव वाचवतो. वावरातलं काम सकाळी दहाच्या आत उरका. लघवीच्या धास्तीनं पाणी तोडू नका. अंग तापलं पण कोरडं, बोलणं बरळल्यासारखं, असं दिसलं तर पॅच काढा, ओलं फडकं अंगावर फिरवत सावलीत आणा आणि लगेच दवाखाना गाठा. लघवी अजिबात होईना, तरी पॅच काढून लगेच दवाखाना गाठा. काढलेल्या पॅचमध्ये औषध उरलेलं असतं. चिकट बाजू आत दुमडून, लेकरांच्या हाती लागणार नाही असा टाका.