सत्तरीनंतरची हाडं आणि व्हिटॅमिन डी: या चुका टाळा

व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्याची असते, रोजची नाही. सगळ्यांत घातक चूक इथेच होते. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एक, आठ आठवडे' असं लिहिलेलं असतं, पण घरी आल्यावर ती बीपीच्या गोळ्यांच्या डब्यात पडते आणि रोज नाश्त्यानंतर घेतली जाते. साठीनंतर रोजची गरज साधारण ८०० युनिटची, म्हणजे एका पुडीत अडीच महिन्यांची बेगमी. हे जीवनसत्त्व अंगातल्या चरबीत साठून राहतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही. रोज पोटात गेलं तर रक्तातलं कॅल्शियम चढत जातं: सारखी तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ, अन्न नकोसं होणं, पुढे बोलण्यात गोंधळ, मूत्रपिंडाला इजा. घरचे म्हणतात, वय झालं. असं काही दिसलं तर पुड्या आणि कॅल्शियम लगेच थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून रक्तातलं कॅल्शियम व क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) तपासून घ्या.

उपाय साधा आहे. पुड्या रोजच्या डब्यात ठेवूच नका. एक वार ठरवा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आठ रविवारांना गोल करा, पुडी दिली की त्या गोलावर फुली मारा.

आठ आठवडे झाल्यावर दोन टोकं दिसतात. कुणी सगळंच बंद करतं, कुणी तीच चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं पुड्या आणत राहतं. पुढचा डोस कमी असतो आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा असतो. 'एकदाच मोठं इंजेक्शन द्या' असा आग्रहही नको. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट देऊन पाहिले होते. २०१० साली निष्कर्ष आले, तेव्हा त्यांच्यात पडण्याचं आणि हाड मोडण्याचं प्रमाण उलट वाढलेलं दिसलं.

रक्तातली व्हिटॅमिन डीची पातळी वाढतच नसेल तर आधी पुडी कशी घेतली जाते ते पाहा. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाही. दुपारच्या जेवणानंतर घ्या, ज्या जेवणात तेल-तूप आहे त्या. तपासणीची घाईही नडते. पातळी स्थिरावायला सुमारे तीन महिने लागतात, महिन्याभरात केलेली तपासणी दिशाभूल करते. तिसरं कारण सहज सुटतं: कॅल्सिट्रिऑल हे वेगळं औषध आहे. ते कितीही घेतलं तरी नेहमीच्या '२५-हायड्रॉक्सी' तपासणीत आकडा वाढत नाही, म्हणून पाकिटावरचं नाव वाचा. फिटचं फेनिटॉइन चालू असेल किंवा जुलाबाचा जुना त्रास असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

आता ऊन. 'सकाळी सातचं कोवळं ऊन' फिरायला छान, पण व्हिटॅमिन डी तयार करणारे किरण त्यात जवळजवळ नसतात. बंद काचेतून तर ते आत येतच नाहीत, त्यामुळे काच लावलेल्या गॅलरीतली खुर्ची इथे उपयोगाची नाही. खूण सावलीची: सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड हवी. महाराष्ट्रात मे महिन्यात हे नऊ-साडेनऊलाच होतं, तेव्हा विदर्भात भर दुपारी कुणाला उन्हात बसवू नका. डिसेंबरात मात्र सावली बारा-साडेबाराच्या सुमारासच जेमतेम आखूड होते. हात आणि पोटऱ्या उघड्या हव्यात. तरी सत्तरीची त्वचा तरुणपणाच्या मानाने फारच कमी व्हिटॅमिन डी बनवते, म्हणून कमतरता असेल तर उन्हावर विसंबून गोळी टाळू नका.

कॅल्शियमच्या पाकिटावर '१२५० मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट' वाचून घाबरू नका, त्यात खरं कॅल्शियम ५०० मिग्रॅ असतं. शरीर एका वेळी साधारण तेवढंच नीट शोषतं, म्हणून राहिलेली गोळी भरून काढायला दोन एकदम घेऊ नयेत. कार्बोनेट जेवणाबरोबरच घ्या, त्याला पोटातलं आम्ल लागतं. रोज पॅन्टोप्राझोल (आम्ल कमी करणारी गोळी) चालू असेल तर त्याऐवजी कॅल्शियम सायट्रेट चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं. लोहाची गोळीही वेगळ्या वेळी. आहारातलं कॅल्शियमही धरा: २०० मिली दुधात साधारण २४० मिग्रॅ, ५० ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरीत सुमारे १८०.

हाडं ठिसूळ झाल्यावर दिली जाणारी अलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी चहाबरोबर घेतली तर जवळजवळ वाया जाते. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचंही नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. कॅल्शियम त्या दिवशी दुपारच्या जेवणाबरोबर.

खाली बसल्यावर हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही, जिना चढताना मांड्या भरून येतात, बरगड्या दाबल्या की दुखतात? हा नुसता म्हातारपणाचा थकवा समजू नका. व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज तपासून घ्या. अहवाल येईपर्यंत बाथरूममध्ये भिंतीला पकडायची दांडी बसवा आणि पलंगापासून संडासापर्यंत रात्री दिवा चालू ठेवा.