मंगळाच्या ध्रुवावरचा बर्फ कसा मोजायचा (पांढरं दिसलं की बर्फ, असं नसतं)

मंगळावर हिवाळ्यात ध्रुवांवर जो थर चढतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे लग्नात नवरानवरीच्या एंट्रीला धूर सोडायला वापरतात तोच ड्राय आइस, आणि तिथल्या हवेचा साधारण पाव हिस्सा असा गोठून जमिनीवर बसतो आणि वसंतात परत उडून जातो. वितळत नाही बरं का, डायरेक्ट वायू.

आधी कॅलेंडर बदला. मंगळाचं वर्ष 687 दिवसांचं, आपल्या तारखा तिथे काही कामाच्या नाहीत. सौर रेखांश वापरायचा, म्हणजे सूर्याभोवतीच्या फेरीत मंगळ कुठे आहे ते सांगणारा 0 ते 360 अंशांचा कोन, एलएस म्हणतात त्याला: 0 म्हणजे उत्तरेत वसंत सुरू, 180 ला दक्षिणेत. प्रत्येक फोटोपुढे एक्सेलमध्ये एलएस लिहा, नाहीतर दोन वर्षांची तुलना करताना रडाल.

मग बर्फाची कड शोधा. मंगळाभोवती फिरणाऱ्या नासाच्या एमआरओ यानावरचा मार्सी कॅमेरा 2006 पासून जवळपास रोज अख्खा ग्रह टिपतोय, डेटा नासाच्या पीडीएस या ऑनलाइन संग्रहात फुकट. (आपल्या मंगळयानाची कक्षा 150 अंश कललेली, ते ध्रुवावरून कधी गेलंच नाही, तेव्हा इथे त्याचा फारसा उपयोग नाही.) दर 5 अंश एलएसला एक ध्रुवीय नकाशा घ्या, दर 10 अंश रेखांशाला (हा नकाशावरचा साधा रेखांश, एलएस नव्हे) कड कुठल्या अक्षांशावर आहे ते नोंदवा. पिक्सेल मोजून क्षेत्रफळ काढायचा मोह होतो, पण गोल ग्रह सपाट कागदावर पसरवणाऱ्या या स्टीरिओग्राफिक नकाशात 60 अंश अक्षांशाजवळचा भाग ध्रुवाच्या मानाने सुमारे 15 टक्के फुगलेला असतो. त्यापेक्षा सरासरी अक्षांश घेऊन 2πR²(1−sin φ) करा, φ म्हणजे तो अक्षांश, R म्हणजे मंगळाची त्रिज्या, 3390 किमी. कड 60 वर असेल तर साधारण 97 लाख चौरस किमी येतं, भारताच्या जवळपास तिप्पट!

आता खरी गंमत. दक्षिणेत वसंतात एक पट्टा फोटोत चक्क काळपट दिसतो, तुम्ही म्हणाल इथला बर्फ गेला, पण टेस या (मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानावरच्या) उपकरणाने मोजलेलं जमिनीचं तापमान बघितलं तर तिथे उणे 125 अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे ड्राय आइस आहेच, फक्त काचेसारखा पारदर्शक असल्याने खालची जमीन दिसतेय. उत्तरेत उलटं, कडेला पांढरी रिंग दिसते पण तापमान वर चढलेलं, कारण ती पाण्याची हिमकणी, ड्राय आइस केव्हाच उडाला. ढग वेगळेच फसवतात. आणि ध्रुवावर मंगळाच्या जवळपास अर्ध्या वर्षाची रात्र असते, तेव्हा फोटो नाहीच, तापमानच कामाला येतं. म्हणून पांढरं आहे का हे नंतर, आधी तापमान.

जाडी हवी असेल तर मोला. मार्स ग्लोबल सर्व्हेयरवरचा, जमिनीची उंची मोजणारा हा लेझर सुमारे 400 किमीवरून सेकंदाला 10 वेळा जमिनीवर झपकन मारायचा, 1999 ते 2001. यानाच्या दोन फेऱ्यांचे मार्ग जिथे एकमेकांना छेदतात तिथली हिवाळ्यातली उंची वजा उन्हाळ्यातली, झाली जाडी. पण थर जेमतेम दीड-दोन मीटर आणि यानाच्या स्वतःच्या उंचीतली चूकही मीटरभर असू शकते, त्यामुळे एका छेदावरून काही बोलू नका, एका अक्षांशावरचे हजारो घेऊन सरासरी काढा.