लॉगिन आहे, पण बुकिंग कुणाचं?

कुडाळात बसून मी मालवण-तारकर्लीच्या होमस्टेवाल्यांच्या आणि देवगडच्या आंबेवाल्यांच्या वेबसाइट करते. हाताखाली शिकायला येणारी पोरं हल्ली आधी एआय उघडतात, मग एडिटर. माझी हरकत नाही, मीही दिवसभर तेच वापरते. पण त्याने दिलेला कोड तपासायचा कसा, हे शिकून घ्या.

'ग्राहकाला त्याचं बुकिंग दाखव' म्हटलं की एआय लॉगिन तपासतं, यूआरएलमधला आयडी उचलतं आणि डेटाबेसमधून माहिती काढून देतं. डेमोला सगळं चोख. आता दोन वेगळी खाती काढून दोघांच्या नावे एकेक बुकिंग करा. एकातून लॉगिन करा आणि यूआरएलमधल्या ४१२ च्या जागी दुसऱ्याचा ४१३ टाका. त्या पाहुण्याचं नाव, फोन, यायची तारीख समोर आली? मग हे पान लाइव्ह जाणार नाही. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, बुकिंगच्या आयडीबरोबर युजरचा आयडीही हवा, आणि तो सेशनमधलाच, म्हणजे लॉगिनच्या वेळी सर्व्हरने नोंदवलेला. फॉर्ममधून आलेला कुणीही बदलेल. वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या 'ओवॅस्प' या संस्थेच्या २०२१ च्या धोक्यांच्या टॉप टेन यादीत परवानग्यांचा हा घोळ पहिल्या नंबरवर आहे. ज्याची सगळे धास्ती घेतात ते इंजेक्शन, म्हणजे युजरच्या मजकुरातून क्वेरीत घुसवलेला हुकूम, तिसरं.

इंजेक्शनचं सोपं आहे. क्वेरीत युजरचा मजकूर अधिकच्या चिन्हाने जोडलेला दिसला की पॅरामीटर लावून, म्हणजे मजकूर क्वेरीपासून वेगळा पाठवून, लिहून घ्या. पासवर्ड साठवायला एमडी५ हे जुनं, कच्चं हॅशिंग दिसलं तर काढा, आर्गॉन२ किंवा बीक्रिप्ट घाला.

पॅकेज, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, मात्र जपून. एआय कधीकधी नसलेल्या पॅकेजचं नाव बिनधास्त ठोकून देतं, आणि तेच नाव घेऊन कुणी घातक कोड रजिस्ट्रीवर, म्हणजे पॅकेज जिथून उतरवतात तिथे, चढवून ठेवू शकतो. इन्स्टॉल करण्याआधी पॅकेज कुणाचं, किती जुनं, ते बघा. पेमेंट गेटवेची गुप्त 'की' गिटमध्ये, म्हणजे कोडचा प्रत्येक बदल जपणाऱ्या साधनात, गेली तर पुढच्या कमिटमध्ये पुसून भागत नाही, हिस्टरीत ती राहतेच. गेटवेवर जाऊन रद्द करा, नवी घ्या.

आपल्याकडे आणखी एक भानगड असते: पाहुण्यांच्या आधारकार्डाचे फोटो. सांगितलं नाही तर एआय ते सरळ पब्लिक फोल्डरमध्ये ठेवणारा कोडही देतं. लिंक मिळाली की कुणीही उघडावं. फाइल वेब रूटच्या, म्हणजे ब्राउझरला थेट उघडता येणाऱ्या फोल्डरच्या, बाहेर ठेवा, लॉगिन आणि मालकी तपासूनच दाखवा. आणि होमस्टेवाल्या काकींना आधीच विचारा, पाहुणा गेल्यावर हा फोटो किती दिवस लागणार आहे. तेवढ्या दिवसांनी तो आपोआप डिलीट होईल असा जॉब त्याच आठवड्यात लावून टाका.