पणजोबा 'वकील' होते म्हणजे नक्की काय होते? कोर्टाचा स्थानिक इतिहास लिहिताना या चुका टाळा

बार असोसिएशनची शताब्दी आली की स्मरणिका निघते आणि त्यातला इतिहासाचा लेख कोणाच्या तरी गळ्यात पडतो. दोन वर्षांपूर्वी तो माझ्या गळ्यात पडला, आणि मी एका मामलेदारांना बिनदिक्कत न्यायाधीश करून टाकलं. कागदावर 'मामलेदार कोर्ट' लिहिलेलं, वहिवाटीच्या वादाचा निकाल, खाली झोकदार सही, म्हटलं जजच असणार! अंक निघाल्यावर त्यांच्या नातीचा फोन, "अहो, आजोबा महसुलात होते, त्यांना जज कोणी केलं?" आता काय सांगणार. तर मामलेदार हा रेव्हेन्यूचाच माणूस, पण १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली शेतजमिनीचा ताबा, अडवलेलं पाणी, बंद केलेली वाट असले दावे तो चालवायचा आणि वर मॅजिस्ट्रेटचे अधिकारही असायचे, त्यामुळे त्याचा कागद हुबेहूब कोर्टाचा दिसतो.

सगळ्यात जास्त घोळ 'वकील' या शब्दाचा. पेशवाईच्या कागदात वकील दिसला की लगेच काळा कोट डोळ्यासमोर आणू नका, तो बहुतेक वेळा दरबारातला प्रतिनिधी असतो, आजच्या भाषेत राजदूत. दिल्लीत हिंगणे आणि निजामाकडे गोविंदराव काळे हे पेशव्यांचे वकील होते ते या अर्थाने. न्यायनिवाडा बघणारे रामशास्त्री प्रभुणे वेगळे. पुढे इंग्रजी अमलात हाच शब्द कोर्टात आला पण तिथेही सगळे वकील एका रांगेत नव्हते, हायकोर्ट वकील वेगळा, जिल्ह्याचा प्लीडर (खालच्या कोर्टात उभा राहणारा) वेगळा, बॅरिस्टर आणि सॉलिसिटर तर आणखीनच वेगळे, आणि या पायऱ्या जाऊन सगळे 'ॲडव्होकेट' झाले ते १९६१ च्या कायद्यानंतर. म्हणून १९१० सालच्या तालुक्याच्या प्लीडरच्या नावामागे 'ॲड.' छापलं की जाणकार हसतात. घरात जुनी सनद (वकिलीचा परवाना) असेल तर ती नीट वाचा, फक्त फ्रेम करून लावू नका, कोणत्या कोर्टात उभं राहता येईल ते त्यातच असतं. आणि हो, एलएलबी म्हणजे वकिली नव्हे. टिळकांनी १८७९ मध्ये एलएलबी केलं पण वकिली कधी केली नाही, तरी 'लोकमान्य आधी वकील होते' असं छापलेलं मी स्वतः वाचलंय.

तीच गत न्यायमूर्तींची. रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले १८९३ मध्ये, त्याआधी १८७० च्या दशकात बरीच वर्षं ते पुण्यात सबॉर्डिनेट जज (खालच्या दिवाणी कोर्टाचे न्यायाधीश) होते, मग त्या दशकातला प्रसंग सांगताना 'न्यायमूर्ती रानडे हायकोर्टातून आले' कसं चालेल? ज्या सालाची गोष्ट त्या सालचा हुद्दा लिहा. हुद्द्यांची नावंही बदलत गेलीत, १८६९ चा सिव्हिल कोर्ट कायदा आला तेव्हा मुंबई इलाख्यात खालच्या दिवाणी न्यायाधीशांची मुन्सफ, सदर अमीन ही नावं मागे पडून सबॉर्डिनेट जज (थोडक्यात सबजज) आलं, त्यामुळे मुन्सफ आणि सबजज ही दोन माणसं समजून एकाच घराण्यात दोन पूर्वज उभे करू नका. 'रावसाहेब' वाचून लगेच सरकारी किताब धरायचा हीपण घाई, नुसता आदरानेही म्हणायचे.

माणूस खरा, साल खरं, तरी नाव कुठेच सापडत नाही असं झालं तर बहुतेक वेळा तुम्ही चुकीच्या राज्यात शोधताय. आजचा महाराष्ट्र १९६० चा. मराठवाडा निजामाकडे होता, तिथला वकील मुंबई हायकोर्टाच्या यादीत शोधून काय मिळणार, कागद उर्दूत आणि साल फसली (महसुली सन), त्यात साधारण ५९० मिळवा म्हणजे इसवी सन येतं (शके असेल तर ७८). विदर्भाचं वरचं कोर्ट म्हणजे नागपूरचं ज्युडिशियल कमिशनरचं, हायकोर्ट तिथे १९३६ मध्ये झालं. कोल्हापूर, सांगली, औंध यांची तर स्वतःची कोर्टं आणि स्वतःचे न्यायाधीश, रानडेही काही काळ कोल्हापूरला न्यायाधीश होते.

मुंबई इलाख्यातला वकील असेल तर इंडियन लॉ रिपोर्ट्सची (हायकोर्टाच्या निकालांचे छापील खंड) मुंबई मालिका बघा, १८७६ पासून आहे, निकालाआधी दोन्ही बाजूंच्या वकिलांची नावं छापलेली असतात. फक्त आडनावाने शोधू नका, कारण त्या काळी बऱ्याचदा नाव आणि वडलांचं नाव एवढंच छापायचे, नानाभाई हरिदास हायकोर्ट जज झाले तरी आडनावाशिवायच ओळखले जातात. मी एका घराण्याचं आडनाव घेऊन चार दिवस पानं उलटली, सापडलं काही नाही, शेवटी पणजोबांच्या वडलांचं नाव घरच्यांना विचारलं आणि दुपारपर्यंत अकरा खटले मिळाले.