हिपॅटायटिस सी: पथ्याच्या नावाखाली होणाऱ्या या चुका टाळा

हिपॅटायटिस सीचं, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूच्या संसर्गाचं, निदान झालं की पहिली कुऱ्हाड पडते ती ताटावर. तेल बंद, मग दूध, अंडी, डाळी. महिनाभरात पेशंट आजारापेक्षा पथ्यानेच जास्त खंगतो. गंमत म्हणजे खरी काळजी जिथे घ्यायची, त्या औषधांच्या डब्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही.

यकृताला सूज आहे पण सिरॉसिस (व्रण साचून यकृत कडक होणं) नाही, अशा माणसाला वेगळा आहार लागतच नाही. चौरस खावं, वजन आणि साखर आटोक्यात ठेवावी. विषाणूच्या जोडीला फॅटी लिव्हर आलं तर यकृतावरचे व्रण लवकर वाढतात, म्हणून गोड पेयं आणि तळण कमी करावं. कॉफी मात्र बिनदिक्कत घ्या. नियमित कॉफी पिणाऱ्यांत यकृताचे व्रण कमी आढळतात.

सिरॉसिस झाला असेल तर उपाशी राहणं सर्वांत महागात पडतं. निरोगी यकृत रात्रीसाठी साखर साठवून ठेवतं. सिरॉसिसमध्ये ही साठवण तोकडी पडते आणि पोट रिकामं राहिलं की शरीर स्वतःचे स्नायू मोडून गरज भागवतं. दंड बारीक, पोट मोठं, अशी अवस्था होते. यावर उपाय म्हणजे झोपण्याआधी थोडं खाणं आणि प्रथिनं न तोडणं. वजनाच्या दर किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला दिवसाला 72 ते 90 ग्रॅम प्रथिनं लागतात. प्रथिनांमुळे भ्रम होतो म्हणून ती बंद करा, हा सल्ला जुना झाला. पोटात पाणी साचलं असेल तर मात्र मीठ खरोखर कमी करावं लागतं: सगळं मिळून दिवसाला साधारण 5 ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. पापड-लोणच्यातलं आणि पाकीटबंद पदार्थांतलं मीठही यातच मोजायचं.

दारूबद्दल घासाघीस नको. ‘फक्त बिअर’ हीसुद्धा दारूच.

आता तो औषधांचा डबा. पॅरासिटामॉल यकृताला वाईट, असं ऐकून अनेक जण अंगदुखीवर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतात. सिरॉसिसमध्ये हीच औषधं जास्त धोक्याची: मूत्रपिंडं बिघडतात, रक्तस्राव होऊ शकतो. उलट पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, दिवसाला 2 ग्रॅमच्या आत घेता येतं. सर्दीच्या गोळ्यांतही ते असतं, तेही या हिशेबात धरा. थकवा वाटतो म्हणून स्वतःच्या मनाने लोहाच्या किंवा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू करू नका. आणि ‘लिव्हर साफ करणारी’ वनौषधी? ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, हे समीकरणच चुकीचं. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांनीही यकृताला इजा झालेली आहे.

हा संसर्ग बहुतेकांत पूर्ण बरा होतो. सोफोसबुव्हिर-वेलपाटासव्हिरसारख्या गोळ्या साधारण 12 आठवडे घेतल्या तर 95 टक्क्यांहून अधिक जणांच्या रक्तातून तो नाहीसा होतो. घोटाळा होतो तो बरं वाटू लागल्यावर गोळ्या सोडल्याने किंवा अ‍ॅसिडिटीच्या औषधाने. वेलपाटासव्हिर शोषलं जायला पोटात आम्ल लागतं, त्यामुळे अँटासिड आणि ती गोळी यांत 4 तासांचं अंतर हवं. ओमेप्राझोलसारखं औषध चालू असेल तर आधीच सांगा. फिटवरचं कार्बामाझेपिन गोळीचा असर घटवतं आणि हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन सोबत असेल तर ठोके घातक मंदावू शकतात. उपचारांपूर्वी हिपॅटायटिस बीची तपासणीही करून घ्या, कारण सी दबला की लपलेला बी उसळू शकतो.

घरात ताटवाटी वेगळी काढणं हा निव्वळ अन्याय. हा आजार उष्ट्याने, मिठीने, खोकल्याने पसरत नाही, रक्ताने पसरतो. वेगळं ठेवायचं ते रेझर, टूथब्रश आणि नेलकटर.

शेवटची गफलत रिपोर्ट वाचताना होते. बरं झाल्यावरही अँटिबॉडीची (शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेल्या प्रथिनांची) तपासणी बहुधा पॉझिटिव्हच येत राहते, त्याने घाबरू नका. उपचार संपल्यावर 12 आठवड्यांनी होणारी आरएनए तपासणी, म्हणजे रक्तात विषाणूच शोधणारी तपासणी, खरं उत्तर देते. ती निगेटिव्ह आली तरी संसर्ग पुन्हा होऊ शकतो, आणि सिरॉसिस असलेल्यांनी दर 6 महिन्यांची सोनोग्राफी चुकवायची नाही. विषाणू गेला तरी कर्करोगाचा धोका काही अंशी उरतो.