‘ले’ की ‘लेड’? आधी ‘ने’ तपासावा

इंग्रजीतील ‘लाय’ म्हणजे पडून राहणे आणि ‘ले’ म्हणजे ठेवणे. परंतु ‘लाय’चा भूतकाळही ‘ले’ असाच होत असल्यामुळे ही दोन क्रियापदे लिहिताना हमखास एकमेकांत मिसळतात. घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्या इंदूरच्या मुलांना यावरची कसोटी दोन्ही भाषांत आयती उपलब्ध आहे, ती म्हणजे कर्त्याला लागणारा ‘ने’.

१. वाक्य मनात मराठीतून भूतकाळात म्हणावे व कर्ता ‘तो’ किंवा ‘ती’ घ्यावा, कारण मराठीत ‘मी’ला ‘ने’ लागत नाही. हिंदीत ‘मैंने’ होते, त्यामुळे तेथे ही अडचण नाही.

२. ‘ने’ आला तर ‘ले’ (ठेवणे) याचा भूतकाळ ‘लेड’. आजीने पोह्यांची बशी ओट्यावर ठेवली, म्हणून ‘शी लेड द प्लेट’. पूर्ण काळातही ‘हॅज लेड’च राहते. स्पेलिंग मात्र एल-ए-आय-डी असे आहे; शेवटी ‘ईडी’ जोडण्याचा मोह फार होतो.

३. ‘ने’ आला नाही तर ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’. ती दुपारभर पलंगावर पडून राहिली, म्हणून ‘शी ले ऑन द बेड’. याचा पूर्ण काळ ‘हॅज लेन’ होतो आणि तो पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही.

‘राइझ’ (वर येणे) याचा भूतकाळ ‘रोज’ आणि ‘रेझ’ (वर करणे) याचा भूतकाळ ‘रेझ्ड’ यांनाही हीच कसोटी लागू पडते: सूर्य उगवला, तेथे ‘रोज’, मुलाने हात वर केला, तेथे ‘रेझ्ड’.

खबरदारी एवढीच, की खोटे बोलणे या अर्थाचे ‘लाय’ हे वेगळे, नियमित क्रियापद असून त्याचा भूतकाळ ‘लाइड’ होतो. त्याला ही कसोटी लावू नये.