पहिली मॅरेथॉन मैत्रिणीच्या जोडीने? या चुका टाळा

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी मी आणि माझी मैत्रीण जुलैपासून एकत्र सराव करत होतो. ती नसती तर भर पावसात पहाटे साडेचारला मी अंथरूण सोडलंच नसतं. पण ऑक्टोबर उजाडेपर्यंत माझी नडगी इतकी दुखायला लागली, की जिना उतरताना कठडा धरावा लागे. मी तिच्या वेगाने पळत होते, ही माझी सगळ्यात मोठी चूक.

तिचा सहज वेग किलोमीटरला सव्वासहा मिनिटं, माझा सात. फरक पाऊण मिनिटाचाच, पण ४२.१९५ किलोमीटरमध्ये तो अर्ध्या तासाच्या पुढे जातो. तिचं रमतगमत पळणं माझ्यासाठी दर रविवारी शर्यत होऊन बसलं. लांब पल्ला पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. ती गप्पा मारतेय आणि तुम्ही नुसतं ‘हं, हं’ करताय, तर तो वेग तुमचा नाही. ‘हळू घे गं’ म्हणायला मला संकोच वाटायचा. तुम्ही पहिल्याच रविवारी म्हणा.

आम्ही मग किलोमीटर मोजणं सोडून वेळ ठरवली: दोघीही दोन तास पळणार. मरीन ड्राइव्हवर ती पुढे जाई, वळून माझ्यापर्यंत येई, पुन्हा पुढे जाई. सोबतही राहिली आणि दोघींचा सरावही नीट झाला.

आजारपणात बुडालेला आठवडा भरून काढायला जाऊ नका. मैत्रीण २६ किलोमीटरवर पोचली म्हणून तुम्ही १८ वरून थेट तिथे उडी मारायची नाही. हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल आणि विश्रांतीतही थांबत नसेल, तर पळणं बंद करून डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो.

पाण्याचंही तेच. तिला घाम जास्त, मला कमी. तरी ती थांबेल तिथे मीही पीत होते. नुसतं पाणी भरमसाट प्यायल्याने रक्तातलं सोडियम धोकादायकरीत्या घटू शकतं. लांब पल्ल्याच्या आधी आणि नंतर वजन करा. वजन वाढलं असेल, तर पाणी जास्त झालंय.

नवे बूट, पळताना ताकदीसाठी खायचं नवं एनर्जी जेल शर्यतीच्या दिवशी नको, हे सगळेच सांगतात.

वेगळं कुठे व्हायचं, हे मात्र आदल्या दिवशीच ठरवा. ऐन शर्यतीत ‘तू जा’, ‘नको, थांबते’ करण्यात दोघींची लय मोडते. आम्ही पहिले पाच किलोमीटर बरोबर राहायचं ठरवलं होतं. परतीच्या वाटेवर, तिसाव्या किलोमीटरनंतर पेडर रोडचा चढ आला, तेव्हा ती बरीच पुढे होती. मी तो चढ चालत चढले आणि वर पोचल्यावर पुन्हा माझ्या सात मिनिटांच्या वेगाला लागले.